तक्त्यात न मावणारी आठी

व्हिडिओ कॉलवर आपला चेहरा आपल्यालाच दिसत राहतो. आमच्या आधीच्या पिढीतल्या कुणाला ऑफिसच्या मीटिंगमध्ये समोर आरसा धरून बसावं लागलं नसेल. आम्हाला रोज बसावं लागतं. गेल्या वर्षी त्या छोट्या चौकोनात मला माझ्या दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा दिसल्या, इंग्रजी अकराच्या आकड्यासारख्या. कुणीतरी स्क्रीन शेअर केली होती आणि मी कोड वाचत होते. कॉल संपल्यावर एका सहकाऱ्याचा मेसेज आला : ‘सगळं ठीक ना? चिडलेली वाटलीस.’

मी चिडले नव्हते, एक बग शोधत होते. त्याच कॉलवर आमच्या आर्किटेक्टच्या कपाळावर माझ्या दुप्पट आठ्या होत्या. पण तो ‘विचारात गढलेला’ असतो. त्याला असा मेसेज गेला नसणार.

त्या रात्री मी जे केलं ते माझ्या वयाची कुणीही करेल. फोन घेताना दोन मॉडेलं शेजारी शेजारी टाकून आपण तुलना करतो, तशी मी सुरकुत्यांच्या इंजेक्शनांची तुलना वाचायला बसले. बोटॉक्स की डिस्पोर्ट? डिस्पोर्ट की झिओमिन? मग जूव्हो, डॅक्सिफाय, लेटिबो. जिथे जावं तिथे एक तक्ता. डावीकडे सहा नावं आणि वर ठरलेले रकाने : परिणाम किती दिवसांत दिसतो, किती महिने टिकतो, किती युनिटं लागतात, एका युनिटचा दर काय, आणि शेवटी ‘कुणासाठी उत्तम’. दोन तासांत माझी स्वतःची स्प्रेडशीटही तयार झाली, हिरव्या-लाल रंगांसकट.

हा लेख म्हणजे त्या तक्त्याची समीक्षा आहे. तक्ता हाही एक साहित्यप्रकारच म्हणायला हवा. त्यालाही निवेदक असतो, त्याचीही एक भूमिका असते, आणि कुठल्याही कथेसारखंच त्यातही काय सांगायचं आणि काय गाळायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

आधी बाटलीत काय आहे ते पाहू. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचं विष. ‘बोट्युलस’ म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत सॉसेज खाऊन माणसं मरत होती. त्यांच्या नोंदी बारकाईने लिहिणारा युस्टिनुस केर्नर हा डॉक्टर होता आणि कवीही. हे विष स्नायूला काहीच करत नाही. मज्जातंतू स्नायूला ‘आकुंचन पाव’ हा निरोप एका रसायनातून पाठवतो, आणि तो निरोप सोडण्यासाठी लागणारं एक प्रथिन हे विष कापून टाकतं. म्हणजे स्नायू धडधाकट असतो, त्याच्यापर्यंत निरोपच पोचत नाही. काही महिन्यांनी ती यंत्रणा दुरुस्त होते आणि आठी परत येते.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी याचा उपयोग तिरळेपणावर करून पाहिला. १९८९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारासाठी त्याला मान्यता दिली. व्हँकुव्हरच्या जीन कॅरुथर्स याही नेत्रतज्ज्ञ. पापण्यांच्या एका रुग्ण बाईंच्या कपाळावरच्या आठ्या गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे पती अ‍ॅलिस्टेअर त्वचारोगतज्ज्ञ. १९९२ मध्ये दोघांनी मिळून त्यावर निबंध प्रसिद्ध केला. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सला एफडीएची मान्यता मिळाली ती २००२ मध्ये. पुढे त्याच कामासाठी डिस्पोर्ट २००९ मध्ये, झिओमिन २०११ मध्ये, जूव्हो २०१९ मध्ये, डॅक्सिफाय २०२२ मध्ये आणि लेटिबो २०२४ मध्ये आलं.

तक्त्यात हे सहा वेगळे खेळाडू दिसतात. प्रत्यक्षात सहाही बाटल्यांत काम करणारा रेणू एकाच जातीचा आहे : ‘ए’ प्रकारचं बोट्युलिनम विष. फरक आहे तो त्याच्या भोवतालात. विषाला चिकटलेली इतर प्रथिनं झिओमिनमध्ये काढून टाकलेली असतात. डिस्पोर्टमध्ये गाईच्या दुधातल्या प्रथिनाचा अंश असू शकतो, म्हणून त्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते देत नाहीत. डॅक्सिफायमध्ये नेहमीच्या मानवी अल्ब्युमिनऐवजी एक खास पेप्टाइड असतं. हे फरक खरे आहेत आणि काही जणांच्या बाबतीत महत्त्वाचेही आहेत. पण तक्ता त्यांना व्यक्तिमत्त्वं देऊन टाकतो. एक ‘क्लासिक’, दुसरं ‘झटपट’, तिसरं ‘शुद्ध’, चौथं ‘तरुणांचं’. व्यक्तिमत्त्वं इतकी वेगळी असतील, तर मेडिटॉक्स आणि देवूंग या दोन कोरियन कंपन्या कशावरून भांडल्या? मेडिटॉक्सचा आरोप होता की देवूंगने आपला जिवाणू आणि उत्पादनाची प्रक्रिया चोरून जूव्हो बनवलं. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये प्रक्रियेबाबतचा आरोप मान्य करून जूव्होच्या आयातीवर २१ महिन्यांची बंदी घातली. काही आठवड्यांतच तडजोड झाली. तक्त्यात ज्यांच्यात मैलांचं अंतर दिसतं, ते प्रतिस्पर्धी आयोगासमोर ‘हे आमचंच आहे’ म्हणून भांडत होते.

आता तक्त्याच्या मधोमध असलेला रकाना : युनिट. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सची २० युनिटं, डिस्पोर्टची ५०, झिओमिनची २०, जूव्होची २०, डॅक्सिफायची ४०. बाजूला एका युनिटचा दर. माझ्यातल्या इंजिनिअरने लगेच गुणाकार केला आणि ‘स्वस्त कोण’ याचं उत्तर काढलं. हिशेब म्हणून ते उत्तर बरोबर होतं, पण त्यातून मी काढलेला अर्थ चुकीचा होता.

फोनच्या बॅटरीचं एमएएच हे सगळ्या कंपन्यांना सारखं लागू होणारं माप आहे. इथलं युनिट तसं नाही. मुळात एक युनिट म्हणजे उंदरांच्या एका गटापैकी निम्मे उंदीर मारायला पुरेल इतकं विष. हे कसं मोजायचं याची प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. त्यामुळे बोटॉक्सचं युनिट बोटॉक्सपुरतं आणि डिस्पोर्टचं डिस्पोर्टपुरतं. अलर्गनने पेशींवर आधारित चाचणी विकसित केली आणि २०११ मध्ये एफडीएने ती स्वीकारली, तेव्हा उंदरांची गरज कमी झाली. मापं मात्र एकमेकांशी जुळली नाहीत. एकाची युनिटं दुसऱ्याच्या युनिटांत बदलता येत नाहीत, असं प्रत्येक औषधाच्या अधिकृत लेबलवर स्पष्ट लिहिलेलं आहे. एवढंच नाही, २००९ मध्ये एफडीएने यासाठी शास्त्रीय नावंच बदलली. एकाच रेणूच्या नावाला पुढे अर्थहीन अक्षरं जोडली : ओना-, अबो-. पुढे इन्को-, प्राबो-, डॅक्सी- आणि लेटी- आले. डॉक्टरांनी चुकून एकाच्या जागी दुसऱ्याचा डोस देऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. आणि तक्ता काय करतो? ती सगळी युनिटं एकाच उभ्या रकान्यात मांडतो. एकाखाली एक लिहिलेले आकडे बघितले की डोळा आपोआप तुलना करतो. तक्ता खोटं बोलत नाही. फक्त खोटं वाटेल अशा जागी खरा आकडा ठेवतो.

यशाच्या टक्केवारीत हाच प्रकार जास्त बेमालूमपणे होतो. बोटॉक्सच्या लेबलवर ८० टक्के लोकांना फरक पडल्याचा आकडा आहे, खोटं इंजेक्शन मिळालेल्यांत ३ टक्के. झिओमिनच्या दोन चाचण्यांत ६० आणि ४८ टक्के. मी स्प्रेडशीटमध्ये बोटॉक्सला हिरवा रंग दिला आणि झिओमिनला लाल. मग लेबलं नीट वाचली. दोन्हीकडे रुग्णाला जमेल तेवढ्या जोरात आठ्या घालायला सांगतात आणि तिसाव्या दिवशी त्या आठ्यांना चार पायऱ्यांवर मोजतात : नाहीत, सौम्य, मध्यम, तीव्र. बोटॉक्सच्या ८० टक्क्यांत डॉक्टरच्या मते आठी ‘नाही’ किंवा ‘सौम्य’ झाली की पास. झिओमिनच्या ६० टक्क्यांत किमान दोन पायऱ्यांची सुधारणा हवी, आणि तीही डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही मते. दुसरी परीक्षा अवघड होती, म्हणून गुण कमी. आमच्या कामात दोन वेगवेगळ्या बेंचमार्कचे आकडे शेजारी ठेवून कुणी एक सिस्टीम दुसरीपेक्षा वेगवान आहे म्हटलं, तर रिव्ह्यूमध्येच त्याला थांबवतील. इथे मला थांबवायला कुणी नव्हतं.

समोरासमोरच्या चाचण्या झालेल्या आहेत. युरोप आणि कॅनडात जूव्हो आणि बोटॉक्सची एकाच मापाने तुलना झाली. सुमारे ८७ टक्के विरुद्ध ८३ टक्के. चाचणी जूव्होच्या बाजूने पैसे लावणाऱ्यांची होती. तिचा निष्कर्ष ‘जास्त चांगलं’ असा नव्हता, ‘कमी चांगलं नाही’ असा होता. मोजमाप एक केलं की फरक एवढासा उरतो.

आणि ‘किती टिकतं’? बहुतेकांसाठी तीन ते चार महिने. डॅक्सिफायचा दावा जास्त आहे. त्याच्या चाचण्यांत परिणामाचा मध्यक सुमारे २४ आठवडे आला, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही आठी पुन्हा मध्यम किंवा तीव्र वाटेपर्यंतचा काळ. तक्त्यात हा निर्विवाद विजय असतो. पण या इंजेक्शनाने क्वचित एखाद्याची पापणी उतरते. जे औषध जास्त टिकतं, त्याचं नको असलेलं कामही जास्त टिकू शकतं. पहिल्यांदा करून घेणाऱ्या व्यक्तीसाठी लवकर उतरणं हा गुण असू शकतो. त्या रकान्यात मोठा आकडा चांगला, हे आधीच ठरलेलं आहे. कुणी ठरवलं? तक्त्याच्या निवेदकाने.

‘किती टिकतं’ या प्रश्नाचा दुसरा अर्थ मला मावशीमुळे कळला. माझी मावशी निवृत्त शिक्षिका आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या. आधी सगळ्यांना वाटलं, डोळे कोरडे पडलेत. मग रस्ता ओलांडताना डोळे मिटले आणि ती जागच्या जागी उभी राहिली. १९८९ मध्ये ज्या आजारासाठी हे औषध पहिल्यांदा मान्य झालं, तोच हा. दर तीन-साडेतीन महिन्यांनी ती पापण्यांभोवती इंजेक्शन घेते. फोनवर मी तिला माझ्या स्प्रेडशीटबद्दल सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे माझंच औषध, आणि तू आठ्यांसाठी घेणार?” मी गप्प बसले. मग तीच म्हणाली, “अगं घे की. मी काय नको म्हणत नाही. पण मला विचारशील तर माझा हिशेब सोपा आहे. सुई घेतल्यावर दहा आठवडे मी पेपर पूर्ण वाचते. मग मथळे. मग तुझ्या काकांकडून वाचून घेते.”

तिच्या तक्त्यात एकच रकाना आहे, आणि तो भरला आहे की नाही हे तिला रोज सकाळी कळतं. माझ्या तक्त्यात सात रकाने होते आणि ‘मला नक्की काय करता यायला हवं आहे’ हा एकही नव्हता. तिला डोळे उघडायचे आहेत. मला काय करायचं होतं? चिडलेली न दिसणं. म्हणजे माझ्या चेहऱ्यातली दुरुस्ती दुसऱ्या कुणाच्या तरी वाचनातल्या चुकीसाठी होती.

इथे मी उपदेशाच्या जवळ येते आहे, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट करते. सौंदर्यासाठी इंजेक्शन घेणं उथळ आहे असं मला वाटत नाही. केस रंगवणारी, दातांना तारा लावलेली, भुवया कोरणारी मी कुठल्या तोंडाने ते म्हणणार? माझी तक्रार तक्त्याच्या भाषेशी आहे. त्यातला सगळ्यात वापरला जाणारा शब्द ‘रिलॅक्स’. स्नायू ‘रिलॅक्स’ होतात. जणू बिचारे दमले होते. जे होतं ते विश्रांतीचं नाही, तात्पुरतं लुळं पडण्याचं आहे. मावशीच्या डॉक्टरांनी तिला ते तसंच सांगितलं, आणि ती काही घाबरून पळाली नाही.

मराठीत चेहऱ्याला केवढं काम आहे पाहा. आपण भुवया उंचावतो, नाक मुरडतो, तोंड वाकडं करतो, डोळे वटारतो. कपाळाला आठ्या घालतो. न बोलता दिलेला नकार आहे तो. भरताच्या नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात क्रिया सांगितल्या आहेत आणि ‘भ्रुकुटी’ ही त्यांपैकी एक, क्रोधाची. एफडीएच्या लेबलवर पाच ठिकाणी सुई टोचायची म्हणून जी जागा दाखवली आहे, ती हीच. चाचणीत रुग्णाला सांगतात, हवी तेवढी जोरात आठी घाल. आणि ती घालता आली नाही, की औषध यशस्वी.

त्याची किंमत काय? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास मला विसरता येत नाही. या जागी पहिल्यांदाच इंजेक्शन घेणाऱ्या ४० जणांना आधी आणि दोन आठवड्यांनी काही वाक्यं वाचायला दिली. आनंदाची वाक्यं पूर्वीच्याच वेगाने वाचली गेली. रागाची आणि दुःखाची वाक्यं वाचायला किंचित जास्त वेळ लागला. फरक लहान होता, अभ्यास एकच, आणि चेहऱ्याच्या हालचालींचा भावनांशी नेमका किती संबंध यावर संशोधकांमध्ये वाद आहेत. तेवढ्यावरून कुणी घाबरू नये. पण वाचणाऱ्या माणसाच्या तक्त्यात हा रकाना असायला हरकत नव्हती. मी वाचताना आठ्या घालते. कोड वाचतानाही, कादंबरी वाचतानाही.

तक्त्यात आणखी एक मोठी गाळलेली जागा आहे : सुई कुणाच्या हातात. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने इशारा दिला. ११ राज्यांतल्या २२ जणांना इंजेक्शनानंतर त्रास झाला होता आणि त्यांतले ११ रुग्णालयात दाखल झाले होते. काही ठिकाणी औषधच बनावट निघालं. इंजेक्शन देणारे अप्रशिक्षित किंवा परवाना नसलेले होते, किंवा ते घरासारख्या भलत्याच जागी दिलं गेलं होतं. यातल्या कुणालाही ‘बोटॉक्स की डिस्पोर्ट’ या प्रश्नाच्या अचूक उत्तराने वाचवलं नसतं. औषध कितपत पातळ केलं, किती खोल टोचलं, कुठल्या स्नायूत आणि कुणाच्या चेहऱ्यात, यांतून येणारा फरक सहा नावांमधल्या फरकाहून मोठा असू शकतो. पण हाताला ब्रँड नसतो, म्हणून त्याला रकाना नाही.

गंमत म्हणजे या सगळ्या वाचनात मला आवडलेला मजकूर म्हणजे औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांतला कागद. लेबल. त्यात एकही विशेषण नाही. सुरुवातीलाच चौकटीत इशारा आहे, की परिणाम टोचलेल्या जागेपासून दूर पसरू शकतो आणि गिळायला, श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. २००९ पासून ही चौकट सक्तीची आहे. मग कुणावर तपासलं, कसं मोजलं, खोट्या इंजेक्शनाने काय झालं. आपलं युनिट दुसऱ्याच्या युनिटाशी जुळत नाही, हे तो कागद स्वतःहून सांगतो. कंपनीच्या वकिलांनी आणि सरकारी अधिकाऱ्यांनी एकमेकांवर संशय घेत लिहिलेला तो मजकूर आहे, आणि तरी सुंदर तक्त्यापेक्षा माझा जास्त मान ठेवतो. ‘कुणासाठी उत्तम’ असा रकाना त्यात नाही. ते मी ठरवायचं आहे असं तो धरून चालतो.

माझी स्प्रेडशीट मी उडवली नाही, बदलली. आता त्यात ब्रँडची नावं अगदी शेवटी आहेत. आधी तीन प्रश्न. हे कोण देणार आहे, आणि त्याने आतापर्यंत कितीदा दिलं आहे? बिघडलं तर किती आठवडे तसंच राहील आणि तेव्हा फोन कुणाला करायचा? आणि तिसरा, ज्याच्यापुढे मी अजून काही लिहिलेलं नाही : हे झाल्यावर मला काय करता येईल, जे आज येत नाही?

पुढच्या महिन्यात मावशीच्या सुईची तारीख आहे आणि मी तिच्यासोबत जाणार आहे. तो मेसेज करणारा सहकारी परवाच्या कॉलवर पुन्हा होता. मी लॉग वाचत होते, आठ्या पडल्या असणार. कॉलनंतर त्याने विचारलं, “चिडलीस का?” मी म्हटलं, “नाही, वाचत होते. तू चिडवायचं असेल तर आधी सांग, म्हणजे फरक कळेल.” तो हसला. त्यानंतर त्याने विचारलेलं नाही.